मूर्ती कुठे सापडली, तेही सांगा

महोदय,

प्राचीन थडग्यांतील मातीच्या मूर्तींचा अर्थ केवळ त्यांच्या चेहऱ्यांवरून लावला जातो, याचे वाईट वाटते. जपानमधील हानिवा मूर्ती, बुडाची नळी मातीत रोवून, थडग्यावरच्या टेकाडावर उघड्यावर उभ्या केल्या जात, तर चीनमधील तांग राजवटीच्या काळातील मातीचे उंट-घोडे बंद कबरीत मृतासोबत ठेवले जात; मूर्ती काचेच्या कपाटात गेली की हा मूलभूत फरक दिसेनासा होतो. आपल्या नागपूरजवळच्या माहूरझरीला शिळावर्तुळात, म्हणजे दगडांच्या वर्तुळाने वेढलेल्या प्राचीन थडग्यात, घोड्याच्या सांगाड्यासोबतच तांब्याचे मुखालंकार मिळाले, म्हणून तर ते घोड्याचे हे निश्चित कळले. संग्रहालयांनी प्रत्येक वस्तूशेजारी तिच्या उत्खननातील जागेचा आराखडा आवर्जून लावावा, ही विनंती.

– एक वाचक, नागपूर