अमेरिकेला नकार कळवला आहे

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा मध्येच "बरं, ठेवतो" म्हणतात आणि आई विषय जेवणाखाणावर नेते, म्हणून लिहितो आहे. अमेरिकेतल्या नोकरीला मी नकार कळवला आहे. इथेच राहायचे आम्ही दोघांनी मिळून ठरवले आणि आता त्यात बदल होणार नाही.

बाबा, तुमच्या मनात सर्वांत आधी जे येईल, त्याचे उत्तर आधी देतो. हा निर्णय तुमच्या रक्तदाबासाठी किंवा आईच्या डोळ्यांसाठी घेतलेला नाही. काकांच्या वेळी जे झाले ते मी विसरलेलो नाही, पण तुम्ही दोघे अगदी ठणठणीत असतात तरीही मी हेच उत्तर दिले असते. तुमच्याजवळ असणे हे माझे सुख आहे, त्याला कृपा करून त्याग म्हणू नका.

तिथे नोकरी करायला लागणारा एच-१बी व्हिसा आधी तीन वर्षांचा, मग वाढवून सहा वर्षांचा मिळतो. मध्येच नोकरी गेली, तर साधारण ६० दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. नोकरीच्या आधारे मिळणारी ग्रीन कार्डे, म्हणजे तिथे कायम राहायचे परवाने, वर्षाला सुमारे १,४०,०००, त्यांत बायकामुलेही मोजली जातात आणि एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक येत नाहीत. त्यामुळे आपल्याकडच्या लोकांची रांग कित्येक वर्षे हलत नाही. त्या रांगेत मूल २१ वर्षांचे झाले, तर आईवडिलांच्या अर्जातून त्याचे नाव गळू शकते. आपल्या चिऊला आत्ता कुठे दोन दात आले आहेत, पण मला ही भीती आतापासूनच नको आहे. शिवाय माझ्यामागे आलेल्या तुमच्या सुनेला माझ्या ग्रीन कार्डाचा अर्ज एका टप्प्यापर्यंत मंजूर होईतो तिथे नोकरी करता आली नसती, आणि तिने घरी बसावे असे आई, तुलाही वाटणार नाही.

मी चिपच्या आराखड्यांच्या कामात आलो तेव्हा मोठ्या चिपचा एखादा तुकडा आमच्याकडे यायचा. चाचण्या आम्ही लिहायच्या आणि निर्णय मात्र तिकडे व्हायचे. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने सेमीकंडक्टरसाठी, म्हणजे चिपच्या उद्योगासाठी, ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तेव्हापासून इथल्या लहान कंपन्याही स्वतःची चिप करायला धजावू लागल्या आहेत. इथल्या नव्या नोकरीत विजेच्या मीटरमधली चिप पहिल्या आराखड्यापासून टेप-आउटपर्यंत, म्हणजे पक्का आराखडा कारखान्याकडे पाठवेपर्यंत, माझा गट करणार आहे. टेप-आउटनंतर एक चूक जरी सापडली तरी महिनोन्‌महिने आणि मोठा खर्च पाण्यात जातो, आणि ती जबाबदारी मला स्वतःच्या खांद्यावर हवी होती. पगार तिथल्यापेक्षा कमी आहे, पण घर मोठे आहे, लिफ्ट आहे, आणि तुमच्या खोलीला सकाळचे ऊन येते. माझ्या शिक्षणासाठी तुम्ही जे बाजूला ठेवलेत, ते वाया गेले असे मनात आणू नका. बाबा, तुम्ही जुना रेडिओ उघडून दिला होतात आणि तो परत जोडता न आल्याने मी रडत बसलो होतो. आईने एकेक भाग कागदाच्या पुडीत बांधून ठेवला होता. त्याच पुड्यांतून मी इथवर आलो.

आता ऐका. आई, डोळ्याच्या ऑपरेशननंतर दोन वेगवेगळ्या थेंबांमध्ये किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवायचे, डोळा चोळायचा नाही, खाली वाकून काहीही उचलायचे नाही आणि डॉक्टर सांगेपर्यंत डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नाही. बाबा, रक्तदाबाची गोळी बरे वाटते म्हणून बंद करायची नाही, आणि कानातले यंत्र कपाटात नव्हे, कानात ठेवायचे. न्हाणीघरात धरायला दांडी बसवायला माणूस येईल, त्याला परत पाठवू नका. ऑपरेशनसाठी मी रजा टाकली आहे, तेव्हा "येऊ नकोस" म्हणू नका.

मी जाणार म्हणून तुम्ही ज्यांना ज्यांना आनंदाने सांगितलेत, त्या सगळ्यांशी मी स्वतः फोनवर बोलेन. बाबा, तुम्हाला कोणालाही उत्तर द्यावे लागणार नाही.

तुमचाच,
बाळ्या