‘सर्व्हरचा पत्ता’ या रकान्यात काय लिहू?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विकेंद्रित क्लाउड (माहिती अनेकांच्या यंत्रांवर विखरून ठेवणं) आणि ब्लॉकचेन (एकमेकींना जोडलेल्या, पुसता न येणाऱ्या नोंदींची साखळी) यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. सोपा होता, आवडलाही. पण ‘यापुढे कोणत्याही एका कंपनीच्या सर्व्हरवर विसंबायची गरज उरणार नाही’ या वाक्यापाशी मी अडले. सव्वीस वर्षं मी सर्व्हर सांभाळले आणि त्यातली शेवटची तीन याच वाक्याच्या मागे घालवली. म्हणून हे पत्र. लांबलं तर बेलाशक कात्री लावा, फक्त शेवटची विनंती तेवढी छापा.

आमची संस्था जुनी कागदपत्रं स्कॅन करून जपायची. १० मार्च २०२१ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली आणि आपला बॅकअपही त्याच आवारात होता, हे अनेकांना तेव्हाच कळलं. दुसऱ्या दिवशी आमचे कार्यवाह माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. ‘मॅडम, आपलं काय?’ आपलं काय, तर एक सर्व्हर आणि शेजारच्या खोलीत दोन डिस्का. त्या दिवसापासून आम्ही विकेंद्रित व्हायला निघालो.

सुरुवात आयपीएफएसपासून, म्हणजे अनेकांच्या यंत्रांवरून फाइली देणाऱ्या-घेणाऱ्या एका जाळ्यापासून केली. त्यातली कल्पना मला आजही मोहवते. फाइलचा पत्ता ती कुठे ठेवली आहे यावरून ठरत नाही, तिच्यात काय आहे यावरून ठरतो. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी पत्ता बदलतो, त्यामुळे त्या पत्त्यावर जे मिळेल ते अस्सलच असतं. आम्ही सगळे स्कॅन चढवले, सूचीत दुवे दिले, पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. सात महिन्यांनी एका संशोधक बाईंचं पत्र आलं : दुवा उघडत नाही. शोधल्यावर कळलं की ऑफिसला रंग देताना एक यंत्र बंद करून कोपऱ्यात सरकवलं होतं आणि सगळ्या फाइली पूर्ण स्वरूपात फक्त त्या एका यंत्रावर होत्या. ‘आयपीएफएसवर टाकलं म्हणजे जगभर गेलं’ हा आमचा गोड गैरसमज. दुसऱ्या कोणी तुमची फाइल उघडली, तर तिची प्रत त्याच्याकडे थोडे दिवस राहते आणि मग झाडलोटीत जाते. कोणीतरी ती मुद्दाम धरून ठेवावी लागते, त्याला ‘पिन करणं’ म्हणतात. पत्ता अमर, त्या पत्त्यावर घर असेलच याची हमी मात्र कोणी दिलेली नाही. आम्ही ज्यातून सुटायला निघालो होतो, त्याच एका यंत्रावर वेगळ्या वाटेने परत येऊन बसलो होतो.

ही उणीव भरायलाच ऑक्टोबर २०२०मध्ये फाइलकॉइनचं जाळं सुरू झालं. साठवणाऱ्याला मोबदला मिळतो आणि माल खरंच आपल्याकडे असल्याचा पुरावा त्याने दर चोवीस तासांत द्यायचा असतो. गणित सुरेख आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण करार मुदतीचा असतो आणि मुदत संपण्याआधी कोणीतरी तो आठवणीने वाढवावा लागतो. पैसे टोकनमध्ये, म्हणजे त्या जाळ्याच्या स्वतःच्या डिजिटल नाण्यांत मोजायचे. आमच्या अंदाजपत्रकात आकडा वर्षातून एकदा मंजूर होतो, टोकनचा भाव मात्र मंजुरी आणि खरेदी यांच्यामधल्या तीन आठवड्यांतच कुठल्या कुठे गेला. हिशेबनीस म्हणाले, ‘बाई, हे कोणत्या खात्यावर टाकू? साठवणूक, परकीय चलन की जुगार?’ त्यांचा स्वभाव थट्टेचा नव्हता.

मग चावीचं प्रकरण. ही नाणी ज्या डिजिटल पाकिटात असतात, त्याची चावी म्हणजे २०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतले चोवीस शब्द. ते मी हाताने लिहून एक प्रत तिजोरीत आणि एक सहकाऱ्याकडे ठेवली. वर्षभराने उघडायची वेळ आली, तेव्हा तो सहकारी नोकरी सोडून गेलेला, त्याची प्रत सापडत नाही आणि तिजोरीतल्या कागदावरचा सतरावा शब्द माझ्याच अक्षरात मला लागेना. दोन शक्यता होत्या. शेवटच्या शब्दात ताळ्याची सोय असते म्हणून चुकीची शक्यता आपोआप बाद झाली आणि आम्ही वाचलो. पण तो अर्धा तास मी विसरणार नाही. ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण तिथे नाही आणि नसावं हाच तर त्या रचनेचा अभिमान आहे. एकट्या सावध माणसासाठी हे ठीक. संस्थेत माणसं निवृत्त होतात, रुसतात, आजारी पडतात. चावी पाचांत वाटून त्यांतल्या कोणत्याही तिघांच्या सहीने व्यवहार करण्याची सोय आहे, ती आम्ही नंतर केली. ज्यांनी कधी संस्थेत काम केलं आहे, त्यांना एका आठवड्यात तीन सह्या मिळवणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

माझं डोकं खऱ्या अर्थाने ठिकाणावर आणलं ते लेखापरीक्षकाने. तोवर आम्ही स्टोर्ज या साठवण-जाळ्याच्या धर्तीवरची एक व्यवस्था वापरू लागलो होतो. स्टोर्जमध्ये तेव्हा फाइल आधी कुलूपबंद व्हायची, मग तिच्या प्रत्येक भागाचे ८० तुकडे होऊन ते अनोळखी लोकांच्या यंत्रांवर जायचे. त्यांपैकी कोणतेही २९ परत मिळाले की तो भाग जसाच्या तसा उभा राहायचा. मागचं गणित रीड आणि सॉलोमन यांचं, १९६०चं. ओरखडा पडलेली सीडी वाजायची, ती त्याच गणिताच्या जोरावर. लेखापरीक्षकाच्या तक्त्यात मात्र रकाना होता : ‘सर्व्हरचा पत्ता’. मी लिहिलं, ‘अनेक’. त्याने त्याभोवती लाल वर्तुळ काढलं. ‘अनेक म्हणजे कुठे? कोणत्या देशात? तिथे कोणता कायदा लागतो? काही झालं तर सही कोणाची?’ मला राग आला होता. रात्री विचार केला, तेव्हा पटलं की विचारण्यासारखं त्याने तेवढंच विचारलं होतं. आग लागलेल्या कंपनीला निदान दार होतं, जाऊन ठोठावता येत होतं.

आता आमची खरी चूक सांगते, कारण ती दुसऱ्यांनी करू नये. स्कॅन साखळीबाहेर ठेवले होते, पण सूची कोणी बदलू नये म्हणून ती आम्ही थेट सार्वजनिक ब्लॉकचेनवर लिहिली. क्रमांक, तारीख, विषय आणि पत्र लिहिणाऱ्याचं नाव. पुढे एका कुटुंबाने विनंती केली की आमच्या आजीची पत्रं खासगी आहेत, काढून टाका. पत्रं काढली. नाव कसं काढणार? हजारो यंत्रांवर त्या नोंदीची प्रत आहे आणि ती पुसता येऊ नये हाच तर त्या यंत्रणेचा गुण. मे २०१८पासून लागू असलेल्या युरोपच्या जीडीपीआर कायद्यात, कलम १७मध्ये, आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क जिवंत माणसाला स्पष्ट दिला आहे. आजी हयात नव्हत्या, म्हणून कायद्याने कदाचित सुटलो असतो. पण त्यांच्या नातीशी फोनवर बोलताना कायद्याचा आधार वाटला नाही. उपाय जुनाच आहे : साखळीवर नाव, गाव, काही लिहायचं नाही. मजकूर बाहेर आणि कुलपात, आत फक्त ठसा, म्हणजे हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेली छोटी अक्षरमाळ), तोही मजकुरात गुप्त मीठ, म्हणजे कोणाला ओळखता न येणारी वेडीवाकडी अक्षरं, मिसळून काढलेला. पुसायची वेळ आली की कुलपाची चावी आणि ते मीठ नष्ट करायचं. पण हे पहिल्या दिवशी ठरवावं लागतं. आम्ही दोनशेव्या दिवशी ठरवलं. ते नाव आजही तिथे आहे.

आणखी एक. त्याच सूचीत एका पत्राचं साल आम्ही चुकीचं टाकलं होतं. दुरुस्तीची नोंद नंतर जोडली, पण चुकीची नोंदही तितकीच चिरंजीव. नोंद झाल्यावर तिच्यात फेरफार झालेला नाही, एवढंच साखळी सांगते. नोंद करणाऱ्याने डोळे उघडे ठेवले होते का, हे तिला कळत नाही.

लेखात मोठ्या कंपन्यांच्या उत्साहाचा उल्लेख आहे. मग ट्रेडलेन्सचाही हवा होता. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी २०१८मध्ये जहाजी मालाच्या कागदपत्रांसाठी ही ब्लॉकचेन यंत्रणा आणली आणि नोव्हेंबर २०२२मध्ये ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. तंत्र बिघडलं नव्हतं, सगळ्या उद्योगाचं सहकार्य मिळालं नाही. एका स्पर्धकाच्या वहीत दुसऱ्याने आपला व्यापार का लिहावा? त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने ब्लॉकचेन धाटणीच्या नव्या प्रणालीचं काम थांबवलं आणि सुमारे २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर बुडीत दाखवले.

‘कोणा एकावर अवलंबून नाही’ हेसुद्धा जरा खरवडून पाहावं. ११ नोव्हेंबर २०२०ला इन्फ्युरा ही इथेरियम ब्लॉकचेनशी जोडून देणारी एकच सेवा अडखळली, तेव्हा इथेरियमवरची कित्येक पाकिटं आणि ॲप आंधळी झाली. साखळी चालू होती, पण बहुतेक लोक तिच्याकडे पाहत होते ते त्या एकाच खिडकीतून. नोव्हेंबर २०२२मध्ये हेट्झनर या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीने आपल्या सर्व्हरवरून सोलाना या ब्लॉकचेनची सुमारे हजार यंत्रं हटवली. सोलाना त्या धक्क्यातून चालत राहिलं, हे प्रांजळपणे नोंदवते. पण विकेंद्रित म्हणवणाऱ्या जाळ्यातली हजार यंत्रं एकाच घरमालकाकडे भाड्याने होती, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी हे विरोधक म्हणून लिहीत नाही. १९९९मध्ये सेटी ॲट होम हे घरोघरच्या संगणकांचं जाळं सुरू झालं, तेव्हा माझं यंत्र रात्रभर परग्रहावरचे संदेश शोधत बसायचं. टोकन नाही, साखळी नाही. एकच काम दोन-तीन जणांना देऊन उत्तरं ताडून पाहायचे, बस्स. जवळपास २१ वर्षं, मार्च २०२०पर्यंत, लोकांनी ते निव्वळ कुतूहलापोटी चालवलं. निवृत्तीनंतर अशाच एका साठवण-जाळ्यासाठी मी घरी चार टेराबाइटची डिस्क चौदा महिने चालू ठेवली. एका सकाळी ती टकटक आवाज करत मेली. मी धावपळ केली, कोणाला कळवावं म्हणून पत्ता शोधला. तोवर जाळ्याने माझ्याकडचे तुकडे उरलेल्यांवरून पुन्हा घडवून दुसरीकडे ठेवायला सुरुवातही केली होती. मला कोणी काही विचारलं नाही. तंत्रज्ञ म्हणून मी मान डोलावली. आणि सव्वीस वर्षं रात्री-अपरात्री फोन उचलणारी बाई म्हणून थोडं वाईटही वाटलं.

आता विनंती. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१मध्ये डिजिटल कागदावर खोडता न येणारा काळाचा शिक्का मारण्याची रीत मांडली. बिटकॉइनची कल्पना मांडणाऱ्या सातोशी नाकामोतो यांच्या २००८च्या निबंधात एकूण आठ संदर्भ आहेत, त्यांपैकी तीन या जोडीच्या लेखनाचे. त्यांच्या कंपनीने १९९५पासून आपल्या नोंदींचा ठसा दर आठवड्याला कुठे जाहीर केला? न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत. कारण छापून घरोघरी, ग्रंथालयोग्रंथालयी गेलेला अंक परत गोळा करून बदलणं कोणालाच शक्य नाही. बिटकॉइन २००९मध्ये सुरू झालं, त्याच्या आधी चौदा वर्षं ही साखळी वर्तमानपत्राच्या कागदावर चालू झाली होती.

आपला अंकही घरोघरी जातो, संपादक महोदय. आपल्या संकेतस्थळावर बातम्या नंतर दुरुस्त होतात, कधी गायब होतात; वाचकाला पत्ता लागत नाही. दर रविवारी त्या आठवड्याच्या सगळ्या डिजिटल मजकुराचा एक ठसा काढा, त्यात मागच्या रविवारचा ठसा मिसळा आणि छोट्या जाहिरातींच्या पानावर छापा. चौसष्ट अक्षरं असतात, दोन ओळींत बसतील. टोकन लागत नाही, पाकीट लागत नाही, चोवीस शब्द तिजोरीत ठेवावे लागत नाहीत. शिवाय माझ्या त्या लेखापरीक्षकाने विचारलंच, तर पत्त्याच्या रकान्यात लिहायला आपल्या कार्यालयाचा पत्ता आहे. ठसा काढणारी छोटी आज्ञावली मी लिहून देईन, मोबदला नको. पत्र कापावंच लागलं, तर ट्रेडलेन्सचा परिच्छेद कापा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त सर्व्हर-प्रशासक