शुलरांसाठी हॉर्न म्हणजे नुसतं पोटापाण्याचं साधन नव्हतं

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकन संगीतकार आणि हॉर्नवादक गुंथर शुलर यांच्या जन्मशताब्दीवर लेख आला, खूप बरं वाटलं, मराठी पेपरात हे नाव मी पहिल्यांदाच बघितलं. पण त्यातलं एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. लेखात म्हटलंय की शुलर मूळचे संगीतकार, सुरवातीला पोटापाण्यासाठी फ्रेंच हॉर्न (फुंकून वाजवायचं पितळी वाद्य) वाजवायचे. असं नाहीये हो.

मी आर्मीच्या बँडमधे 22 वर्षं हॉर्न वाजवलाय. मार्चमधे हॉर्नला चाल फारशी नसतेच, खालून ट्युबाने (सगळ्यात जाड आवाजाचं फुंकवाद्य) 'धूम' केलं की आपण मागून 'चक' करायचं, सगळी परेड तेच. लोकांना ट्रम्पेट दिसतो, ड्रम मेजर दिसतो, हॉर्नचं तर तोंडच मागे वळलेलं. साधारण 12 फूट नळी गुंडाळलेली, डावा हात व्हॉल्व्हवर, उजवा भोंग्याच्या आत, आणि वरच्या पट्टीत सूर एकमेकांना इतके खेटून असतात की बोटं तीच ठेवली तरी ओठ जरा ढिला पडला की शेजारचाच सूर फुटतो आणि सगळे वळून बघतात. त्यामुळे फुंकायच्या आधी सूर डोक्यात ऐकू यायला लागतो. आमचे बँडमास्तर थंडीत माउथपीस मुठीत धरून गरम करायला लावायचे आणि म्हणायचे, आधी गा, मग फुंक. त्यांच्याकडे शुलर साहेबांच्या 1962 च्या 'हॉर्न टेक्निक' पुस्तकाची झेरॉक्स होती, कडा पार पिवळ्या पडलेल्या, त्यातूनच मला हे नाव कळलं.

आता बघा, शुलर लहानपणी न्यूयॉर्कच्या सेंट थॉमस चर्चच्या शाळेत कॉयरमधे गायचे, म्हणजे आधी गाणंच. वडील न्यूयॉर्क फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवर. पोरानं हायस्कूल अर्धवट सोडलं आणि 1943 मधे, वय 17, सिनसिनाटी सिंफनीत मुख्य हॉर्नवादक झाला! 1945 मधे त्याच ऑर्केस्ट्रासोबत स्वतः लिहिलेला हॉर्न कॉन्चेर्टो (पुढे एकटा हॉर्न, साथीला ऑर्केस्ट्रा अशी रचना) स्वतःच वाजवला. मग यात आधी वादक कुठे आणि नंतर संगीतकार कुठे, दोन्ही एकदमच चालू होतं ना.

पुढे 1945 ते 1959 न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात. लेखात याला एक ओळ मिळालीय आणि माझं सगळं म्हणणं इथेच आहे. स्टेजखालच्या पिटमधे, म्हणजे वादक बसतात त्या खड्ड्यात, हॉर्नवाल्याला कितीतरी बार (मात्रांचे गट) नुसते मोजत बसावं लागतं. काही जण त्या वेळात डुलकी काढतात, पण ज्याला कान आहे तो बाकी सगळ्यांचं ऐकतो, ओबो कुठे श्वास घेतो, चेलो कसे चढतात, गाणारी बाई कुठे रेंगाळते. 14-15 वर्षं हे ऐकलेल्या माणसाला ऑर्केस्ट्रा आतून माहीत असणारच, ते वर्गात बसून येत नाही. आणि याच काळात 1950 मधे हाच माणूस जॅझचा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिससोबत रेकॉर्डिंगला हॉर्न घेऊन बसला, पुढे ती रेकॉर्ड 'बर्थ ऑफ द कूल' म्हणून गाजली. इकडे ऑपेरा आणि तिकडे जॅझ. 1957 साली ब्रँडाइस विद्यापीठात त्यांनी 'थर्ड स्ट्रीम' हा शब्द वापरला, क्लासिकल एक प्रवाह, जॅझ दुसरा, आणि दोन्ही मिळून तिसरा, तो काही खुर्चीत बसून सुचलेला नाही, स्वतःच्या ओठांनी दोन्हीकडे वाजवून सुचलाय. दोन्हीकडच्या लोकांनी नाकं मुरडली तरी ते हटले नाहीत.

शिक्षक म्हणून तर मला ते सगळ्यात मोठे वाटतात. 1967 ते 1977 बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीचे ते प्रमुख होते, तिथे त्यांनी जॅझचं शिक्षण रीतसर सुरू केलं, ज्या काळात अशा संस्थांमधे जॅझ म्हणजे बाहेरचं, हॉटेलातलं संगीत समजलं जायचं. स्वतःकडे शाळेचं सर्टिफिकेट नाही आणि हा माणूस दुसऱ्यांना दार उघडून देतोय. पोरांना घेऊन स्कॉट जॉप्लिन या जुन्या अमेरिकन संगीतकाराचं रॅगटाइम (जॅझच्या आधीचं ठेकेदार संगीत) वाजवलं, जॉप्लिन 1917 मधेच गेलेला, त्या रेकॉर्डला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

1994 चं संगीताचं पुलित्झर पारितोषिक त्यांना मिळालं हे तुम्ही छापलंत पण ज्या रचनेला ते मिळालं ती बायकोच्या आठवणीत लिहिलेली आहे हे राहून गेलं. मार्जरी 1992 मधे गेल्या, दोघांची ओळख सिनसिनाटीतली, म्हणजे हॉर्नच्याच नोकरीतली.

शुलर 2015 मधे गेले. एवढी दुरुस्ती छापा ही विनंती, आणि लेखासोबतचा फोटो ट्रॉम्बोनचा होता, तोही बदला.

आपला,
एक निवृत्त बँडवाला, जि. सातारा