गच्चीवरच्या टाकीसाठी छोटा संगणक

महोदय,

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येत असल्याने, गच्चीवरची टाकी किती भरली हे जिना न चढता कळावे, यासाठी २०१२ साली बाजारात आलेल्या रास्पबेरी पायसारखा चिमुकला संगणक उपयोगी पडेल. त्याला ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा स्वस्त सेन्सर जोडता येतो. मात्र संगणकाच्या पिना ३.३ व्होल्टच्या आणि अशा अनेक सेन्सरकडून येणारा संकेत ५ व्होल्टचा असल्याने मध्ये दोन रेझिस्टर (विजेला अडथळा करणारे छोटे सुटे भाग) घालून व्होल्टेज उतरवावेच लागते, अन्यथा संगणकाचा बोर्ड जळण्याचा धोका असतो. वीज अचानक गेल्यास मेमरी कार्डही बिघडू शकते. तयार यंत्र घेणे सोपे, हे मान्य. पण ते बिघडले की बहुधा अडगळीतच जाते. शहरातील तंत्रनिकेतनांनी शालेय विद्यार्थ्यांसाठी अशा जोडणीचे सुटीतील वर्ग घ्यावेत, ही विनंती.

– एक वाचक, जुळे सोलापूर