उतारावर भेटलेल्या ताईंना

ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. स्ट्रेचर आलं, एकच धावपळ उडाली आणि मी मान वळवून पाहिलं, तेव्हा तुम्ही सॅक पाठीवर टाकून पुढचं वळण गाठलंही होतं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. कुणीतरी ते तुमच्यापर्यंत पोहोचवेल.

डोंगर उतरताना सुट्या दगडांच्या घसाऱ्यावर उजवा पाय आत वळला आणि मी दहा-बारा फूट घसरत गेलो. माझे दोन्ही सोबती धावत आले आणि बगलेत हात घालून मला उभं करायला लागले. तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला, "थांबा, उचलू नका." माझ्याकडे यायच्या आधी तुम्ही वर पाहिलंत. मी घसरलो तिथले दगड अजून सुटत होते. एकाला वर पाठवून मागून येणाऱ्यांना तुम्ही तिथेच थांबवलंत. मग माझ्याजवळ गुडघे टेकून विचारलंत, "मान हलवू नका. डोकं आपटलं का? हाताला मुंग्या येतायत?" मानेच्या मणक्यांवरून बोट फिरवलंत, रक्त कुठे येतंय का ते पाहिलंत. मला फक्त माझा पाय दिसत होता. तुम्ही त्याच्याकडे सगळ्यात शेवटी वळलात. पडलेल्याला लगेच उभं करण्यात केवढा धोका असतो, हे मला त्या दोन-तीन मिनिटांत कळलं. इतकी वर्षं डोंगरात फिरूनही कळलं नव्हतं.

बूट तुम्ही ओढला नाहीत. नाडी पूर्ण सैल केलीत, बुटाची जीभ बाहेर काढलीत आणि मगच पाय अलगद मोकळा केलात. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवरून अंगठा दाबत खाली आलात. टोकावर आलात आणि मी कळवळलो. सोबत्याने मलम काढलं होतं, त्याला तुम्ही ठामपणे सांगितलंत, "चोळायचं नाही. हाड मोडलंय असंच धरून चालू." मला तेव्हा ते जरा जास्तच वाटलं होतं. नुसता मुरगळला असेल, टेकत टेकत उतरून जाईन, असं मी म्हणतही होतो.

त्यामागचा नियम मी नंतर वाचला. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी तो १९९२ साली मांडला: घोट्याच्या भागात दुखत असेल आणि बाहेरच्या किंवा आतल्या हाडाच्या टोकावर, किंवा तिथून वर साधारण सहा सेंटिमीटरपर्यंत मागच्या कडेवर दाबल्यावर दुखलं, तर एक्स-रे काढायचा. चार पावलंही टाकता येत नसतील तरी काढायचा. यातलं एक लक्षण पुरे. म्हणूनच तुम्ही मला चालून बघायलाही सांगितलं नाहीत.

मग तुम्ही स्वतःची मॅट चाकूने कापलीत. ते पाहून मला फार अवघडल्यासारखं झालं होतं. ती पट्टी टाचेखालून घेऊन पोटरीच्या दोन्ही बाजूंना वर नेलीत, घोट्याजवळच्या खोलगट जागेत मोजे भरलेत आणि वरून क्रेप बँडेज गुंडाळलंत. बोटं मात्र उघडी ठेवलीत. अंगठ्याचं नख दाबून सोडलंत: पांढरं झालं आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी. दर पंधरा मिनिटांनी तुम्ही ते पाहत होतात. तिसऱ्या खेपेला गुलाबी रंग यायला वेळ लागला, बोटं गार आणि बधिर झाली होती. सूज वाढल्यामुळे बँडेज आवळलं गेलं होतं. एक शब्द न बोलता तुम्ही ते सगळं सोडलंत आणि पुन्हा सैलसर बांधलंत. बांधून झालं म्हणजे काम झालं असं न मानणारी माणसं कमी असतात, ताई.

मला कापरं भरलं तेव्हा मी समजत होतो की दुखण्यामुळेच. तुम्ही पाठीला हात लावून पाहिलंत, घामाने भिजलेला शर्ट बदलायला लावलात आणि मला जमिनीवरून उचलून दोन सॅकवर बसवलंत. एकीकडे सोबत्याला शिट्टी वाजवायला शिकवत होतात: एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. फोनला रेंज नव्हती. पलीकडच्या डोंगरधारेवरून तीन शिट्ट्यांचं उत्तर आलं, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

एक्स-रेत बाहेरच्या घोट्याच्या हाडाला टोकाशी चीर निघाली. हाड जागचं हललं नव्हतं, म्हणून ऑपरेशन टळलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. त्या पायावर भार देत मी खाली आलो असतो तर ते सरकू शकलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही हे कळायच्या आधीच निघून गेलात, म्हणून मुद्दाम कळवतोय.

जाताना तुम्ही माझ्या दुसऱ्या बुटाच्या नाडीकडे बोट दाखवून म्हणालात, "चढताना बांधली होती तशीच आहे ना?" तशीच होती. आता उतार लागायच्या आधी मी थांबतो, पाणी पितो, टाच मागे घट्ट बसेल अशी नाडी पुन्हा आवळतो आणि काठी थोडी लांब करतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच प्रत्येक पावलाला शरीर आवरत असतात. चढून दमलेल्या पायांना ते झेपत नाही, आणि मी तर अंधार पडायच्या आत पोहोचायचं म्हणून धावत होतो.

तुमच्या मॅटची ती कापलेली पट्टी माझ्याकडे आहे. सॅकमध्ये पाठीच्या बाजूला, दोन क्रेप बँडेज आणि शिट्टीसोबत ती असते. त्या दिवशी शिट्टी वाजवणारा माझा सोबती आणि मी, आम्ही दोघांनी प्रथमोपचाराच्या वर्गात नाव घातलंय.

तुमचा,
त्या घसाऱ्यावरचा उजव्या पायाचा माणूस