'श्यामची आई' मोठ्यांनीही वाचावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांनी कोणती पुस्तकं वाचावीत याबद्दल आपल्या पुरवणीत नेहमी चांगलं लिहून येतं. माझी विनंती जरा निराळी आहे. लहानपणी वाचून कपाटात गेलेली पुस्तकं मोठ्या माणसांनी पुन्हा वाचावीत आणि त्यांना आता काय दिसलं ते लिहावं, यासाठीही पुरवणीत थोडी जागा ठेवा. ही विनंती का करतो आहे ते सांगतो.

निवृत्तीनंतर मी माझ्या शाळकरी वयातली पुस्तकं एकेक करून पुन्हा वाचायला घेतली. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या तितकाच लोभस वाटला. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे आजही धावत सुटतो आणि आपल्यालाही पळवतो. ही पुस्तकं होती तशीच भेटली, त्याचा आनंद मोठा आहे. 'श्यामची आई' मात्र तशी भेटली नाही. लहानपणी मी जे वाचलं होतं ते जणू अर्धंच पुस्तक होतं.

आपल्यापैकी बहुतेकांना श्यामची आई आठवते ती धड्यांमधून. ओल्या पायांना माती लागू नये म्हणून पदर पसरणारी, पोहायला घाबरणाऱ्या श्यामला विहिरीवर पाठवणारी, मुक्या कळ्या तोडू नकोस म्हणणारी. हे प्रसंग सुंदरच आहेत. पण पुस्तकात बेचाळीस रात्री, म्हणजे प्रकरणं, आहेत आणि बत्तिसाव्या रात्रीचं नावच 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक' असं आहे. तिथून पुढची प्रकरणांची नावं नुसती वाचली तरी पुरे: गरिबांचे मनोरथ, वित्तहीनाची हेटाळणी, आईचे चिंतामय जीवन, तेल आहे तर मीठ नाही, अब्रूचे धिंडवडे. मग आईचा आजार आणि मृत्यू. कोकणातलं एक खोताचं, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचं, घर कर्जापायी कसं बुडालं, याची ही हकिगत आहे. दहा वर्षांच्या मुलाला ती कळणार तरी कशी?

मिठाचंच बघा. अठरावी रात्र 'अळणी भाजी' सगळ्यांना ठाऊक आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील काही न बोलता ती भाजी खातात, मुलंही खातात, आणि आई शेवटी पानावर बसते तेव्हा तिला कळतं. शाळेत आम्हाला यातून वडिलांचा संयम शिकवला गेला. तो आहेच. पण आता वाचताना माझं लक्ष आईच्या पानावरून हलेना. स्वयंपाक तिने केला, वाढलं तिने, आणि त्या घरात चव सर्वांत शेवटी तिला कळली. आपण लोकांना असलं जेवण घातलं याची तिला वाटणारी हळहळ लहानपणी मला कळलीही नव्हती. पुढे छत्तिसाव्या रात्री येतं ते 'तेल आहे तर मीठ नाही'. आधी भाजीत मीठ पडत नाही ते विसरल्यामुळे, नंतर घरात मीठच उरत नाही. अठरा रात्रींत घर कुठून कुठे येतं, ते एवढ्याशा मिठाने दाखवलं आहे. हे लेखकाने ठरवून केलं की आपसूक झालं, मला सांगता येणार नाही. पण साने गुरुजींना नुसते भाबडे म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी ही दोन प्रकरणं एकापाठोपाठ वाचून पाहावीत.

माझी सगळी नोकरी एका बँकेच्या कर्जविभागात गेली, त्यामुळे जप्तीचं प्रकरण मला वाचून संपवणं जड गेलं. वसुलीला गेलं की ओटीवर घरचा कर्ता पुरुष बोलतो आणि बाई माजघराच्या दाराआड उभी राहून ऐकते. कर्ज काढताना तिला कोणी विचारलेलं नसतं, पंचनाम्यात लिहिली जाणारी भांडी मात्र तिच्या हाताखालची असतात. श्यामच्या आईचं हेच झालं. थोडी जमीन विकून कर्जातून मोकळं व्हावं, असं ती नवऱ्याला सांगत होती. हिशेबाने तिचंच बरोबर होतं, हे मी कर्जविभागातला माणूस म्हणून सांगतो. व्याज वाढत असताना जमिनीला कवटाळून बसलेली घरं शेवटी जमीनही घालवतात. वडिलांना मात्र जमीन विकण्यात घराण्याचा कमीपणा वाटला. आपण या बाईला प्रेमाची मूर्ती म्हणून हार घालतो, पण तिच्या व्यवहारबुद्धीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पुस्तक लिहिलं गेलं १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत. त्याच वर्षी अलिबागजवळ चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत चालला. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. एकीकडे खोतीखाली भरडलेली कुळं आणि दुसरीकडे खोतीच्या मोठेपणापायी कर्जात रुतलेलं श्यामचं घर, ही दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पुस्तक वाचलं तर ते लहान होत नाही, उलट त्याला खाली जमीन मिळते.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत आणि त्या झाकून ठेवू नयेत. 'देवाला सारी प्रिय' या प्रकरणात आई श्यामला एका म्हाताऱ्या महार बाईची मोळी उचलून द्यायला पाठवते, पण घरी येऊन आंघोळ कर असंही सांगते. लहानपणी मोळीच लक्षात राहिली. आज आंघोळीपाशी थांबावं लागतं. त्या बाईला मदत करण्याइतकं आईचं मन मोठं होतं आणि विटाळ झुगारून देण्याइतकी मोकळीक तिला नव्हती. ही गोष्ट लिहिणाऱ्या मुलाने, म्हणजे साने गुरुजींनी, पुढे १९४७ मध्ये विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून पंढरपुरात उपोषण केलं. आईच्या अंगणातून तो केवढं अंतर चालून गेला, ते आंघोळीचं वाक्य गाळलं तर कळणारच नाही. म्हणून मुलांसाठी 'सोप्या' केलेल्या आवृत्त्यांना माझा विरोध आहे. कुठल्याही कारणाने ही वाक्यं कापू नयेत.

पुस्तक रडकं आहे, ही तक्रार जुनी आहे. आसवं पुष्कळ आहेत, काही ठिकाणी उपदेश लांबतो, हे मलाही जाणवलं. पण बोलणारा श्याम लहान नाही, हेही ध्यानात घ्यावं. आश्रमातल्या सोबत्यांना रात्री गोष्ट सांगणारा तो मोठा माणूस आहे. आई गेली तेव्हा तो तिच्याजवळ नव्हता. घरी पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. तो स्वतःच आपलं बालपण मोठेपणी पुन्हा वाचतो आहे. लिहिताना गुरुजी तेहतीस वर्षांचे होते. आज पुस्तक हाती घेणारे आपण अनेक जण त्याहून मोठे आहोत, काही जण त्या आईहूनही मोठे आहोत.

साने गुरुजींच्या साहित्यावरचा हक्क २०१० अखेर संपला, त्यामुळे छापायला कोणाची परवानगी लागत नाही. येत्या २४ डिसेंबरला, त्यांच्या जयंतीला, नेहमीच्या वेच्याऐवजी छत्तिसावी किंवा सदतिसावी रात्र पूर्ण छापावी आणि वाचकांकडून त्यावर पत्रं मागवावीत. चाळिशी ओलांडलेल्यांची पत्रं आधी छापा, अशी माझी सूचना आहे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, चिपळूण