निगेटिव्हचा डबा

चि. मुक्ता हिस, अनेक आशीर्वाद.

तुझा फोन झाल्यावर माळ्यावरून आबांचा निगेटिव्हचा डबा खाली काढला. कुरिअरने पुण्याला पाठवा, दुकानात स्कॅन करून देतात, असं तू म्हणतेस. मला ते पटत नाही. दुकानवाला चित्र स्वच्छ काढून देईल, पण चित्रातली माणसं त्याला कोण ओळखून देणार? ते काम आता एकटी तुझी आजीच करू शकते. म्हणून दिवाळीत तू कॅमेरा घेऊन ये, इथंच करू.

आधी डब्याची हालत ऐक. उन्हाळ्यात आपल्या छताचं टिन कसं तापतं तुला माहीत आहे. बाहेर ४५ अंश असले की माळ्यावर हात ठेववत नाही. त्यात काही गुंडाळ्यांना व्हिनेगरसारखा आंबूस वास मारतोय. फिल्मचा पाया सेल्युलोज ॲसिटेटचा. उष्णता आणि ओल लागून तो फुटायला लागला की त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि तेच ॲसिड पुढची नासाडी वाढवतं. मग फिल्म आकसते, वरच्या थराला सुरकुत्या पडतात. हे थांबवता येत नाही, गार-कोरड्या जागी ठेवून लांबवता येतं एवढंच. वासाच्या मी वेगळ्या काढल्या आहेत, सुरुवात त्यांच्यापासून. चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या फेकून कागदी पाकिटं केली. काहींवर बुरशीचे ठिपके आहेत, पण ओल्या फडक्याने पुसायचं नाही. वरचा थर जिलेटिनचा, पाणी लागलं की फुगतो. ब्लोअरने धूळ उडवायची, बस.

मोबाइलने अल्बमचेच फोटो काढून घेऊ, असं तुझा भाऊ म्हणत होता. त्याला काकाच्या लग्नाचा फोटो दाखव. आबांचा कॅमेरा आगफा क्लिक, १२० च्या रोलवर १२ चौकोनी फोटो यायचे. स्टुडिओवाल्याने ते आडव्या कागदावर छापताना वरचं-खालचं कापून टाकलं. निगेटिव्हमध्ये खाली पंगतीची पहिली पत्रावळ आहे, वाढणारीचे हात आहेत, वर मांडवाला बांधलेला कंदील आहे. अल्बममध्ये यातलं काहीच नाही.

आजीला एक निगेटिव्ह उजेडासमोर धरून दाखवली तर म्हणे, ‘हे काय भुतं दाखवून रायला बापा!’ काळी तोंडं, पांढरे केस, तिचंही बरोबर. मग मोबाइलच्या सेटिंगमध्ये रंग उलटे करून कॅमेऱ्यातून दाखवलं. डोळे बारीक करून पाहत राहिली आणि एकदम, ‘अवं, हे तं माही काशी व्हय!’ ही काशी कोण, मला आजवर ठाऊक नव्हतं. तिची धाकटी बहीण, लहानपणीच गेलेली.

एका निगेटिव्हमध्ये दारव्हा स्टेशनावर शकुंतला रेल्वे उभी आहे, वाफेच्या इंजिनाची. पाकिटावर तारीख नाही. पण १९९४ साली तिला डिझेल इंजिन लागलं, म्हणजे त्याआधीची. आणि फलाटावर तुझ्या आत्याच्या खांद्याला शाळेचं दप्तर आहे, म्हणजे बरीच आधीची. असं जुळवत जावं लागेल. फाइलला नाव देताना गाव, माणसं आणि अंदाजे साल तिथल्या तिथे टाक. ‘नंतर लिहू’ म्हटलेलं आपल्या घरात कधी लिहून झालेलं नाही.

कामाचं थोडं. मॅक्रो लेन्स आण, अगदी जवळून फोटो घेणारी. खालून उजेडाला टॅबलेट चालेल, पण निगेटिव्ह थेट काचेवर ठेवू नको, स्क्रीनचे ठिपके फोटोत उतरतात. मध्ये दुधी ॲक्रिलिकची पट्टी हवी. गुळगुळीत चमकदार बाजू कोणती आणि मंद थराची कोणती ते बघून ठेव, नाहीतर माणसं उलटी येतात, उजव्या खांद्यावरचा पदर डावीकडे जातो. आणि पुढेमागे कुणी स्कॅनरवर केलंच, तर इन्फ्रारेडने धूळ काढायची सोय बंद ठेवायला सांग. काळ्या-पांढऱ्या फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते, मग मशीन चेहऱ्यालाच डाग समजून पुसतं. रंगीत रोलला बहुतेक चालते.

मूळ प्रत टिफमध्ये ठेव, नातेवाइकांना वाटायला जेपेग. एक हार्डडिस्क तुझ्याकडे, एक इथं. आणि स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह टाकायच्या, असं तुझी आई आत्तापासून म्हणते आहे. त्या बाबतीत तिचं ऐकू नको.

येताना सुती हातमोजे दोन जोड आण, इथल्या मेडिकलमध्ये रबरीच मिळतात. आईने जवसाची चटणी करून ठेवली आहे, परत जाताना घेऊन जा.

तुझे बाबा